जाळीचं सहावं तोंड

मटिल्डा गेली त्या दिवशी इनास डोंगरात डुकरांचा माग काढत होता, आणि ती गेल्याचं त्याला डब्याच्या आवाजावरून कळलं.

ती खाली शेतात राखणीच्या माळ्यावर बसली होती. ऐनाचे चार खांब, त्यावर बांबूची ताटी, वर झावळ्यांचं छप्पर, आणि मांडीशी डालड्याचा रिकामा डबा. पोपट उतरले की ती काठीने डब्यावर दोनदा मारायची, थांबायची, मग एकदा मारायची. लग्न होऊन आल्यापासून तिचा हात असाच होता. इनास ओहळाच्या काठाने चिखलातले ठसे बघत वर चढत होता आणि कानाने डबा ऐकत होता. दुपारी डबा थांबला. भाकरी खात असेल, असं मनात म्हणून तो पुढे गेला. थोड्या वेळाने डबा पुन्हा सुरू झाला तो थांबेचना. नुसता धडधडत राहिला. इनास जागच्या जागी उभा राहिला. हा हात मटिल्डाचा नव्हता.

तो धावत उतरला तेव्हा माळ्यावर जवळच्या पाड्यावरच्या रूपजी वरठ्याची बायको उभी राहून डबा बडवत होती. मटिल्डा तिच्या पायाशी कुशीवर पडली होती. काठी मुठीत तशीच होती. डॉक्टर नंतर म्हणाला, हृदय बंद पडलं.

हे सत्तर सालच्या सप्टेंबराच्या अखेरीचं. गोष्ट पुढच्या वर्षीची आहे.

इनासचं बाप्तिस्म्याचं नाव इग्नेशियस, पण निर्मळ गावात त्याला सगळे इनासच म्हणत. घर आणि केळीची वाडी निर्मळला, भाताचं शेत मात्र रेल्वेच्या पलीकडे, वालीवच्याही पुढे, तुंगारच्या डोंगराच्या पायथ्याशी. भात पोटरीला आलं की नवराबायको शेतावरच्या खोपटात मुक्कामाला जात आणि कापणी करूनच परत येत. त्या वर्षी इनास एकटाच गेला. सायकलवर तांदूळ, सुकट, रॉकेलचा डबा आणि आडवा बांधलेला कामठा. तो कामठा रूपजीने त्याला तरुणपणी करून दिला होता. धनुष्य बांबूचं आणि दोरीही बांबूच्या सालीचीच. पावसात भिजून ती ढिली पडत नाही. निर्मळातला कुणी कामठा चालवत नसे. इनास चालवायचा, आणि चांगला चालवायचा.

त्या काळी शिकारीवर आजच्यासारखी बंदी नव्हती, आणि शेतात घुसणाऱ्या डुकराला तर कुणीच आडकाठी करत नसे. दरवर्षी कापणीच्या तोंडावर रूपजीची माणसं हाक्याला, म्हणजे रान उठवून डुकरं बाहेर काढायला, एक दिवस देत. एकच दिवस. दुसऱ्या दिवसापासून ती कापणीच्या मजुरीला पांगत. म्हणून त्या एका दिवसाआधी सगळं ठाऊक असावं लागे: डुकरं कुठं झोपतात, कुठून निघतात, वारा कुठून कुठं वाहतो. ते काम इनासचं होतं. कुणी नेमून दिलेलं नव्हतं, पण त्याच्यासारखं ते कुणाला जमत नव्हतं आणि हे तो स्वतःही जाणून होता.

त्या वर्षी त्याला भात वाचवायचं होतं ते पोत्यांसाठी नाही. ऑक्टोबराच्या पहिल्या रविवारी आगेरा असतो. नव्या भाताची पेंडी घेऊन लोक देवळात जातात, फादर तिला आशीर्वाद देतात. मटिल्डा दरवर्षी याच शेतातली पेंडी न्यायची. गेल्या वर्षी ती आगेराच्या आधीच गेली आणि पेंडी गेली नाही. या वर्षी ती गेलीच पाहिजे, आणि याच शेतातली गेली पाहिजे, एवढं इनासने ठरवलं होतं. भात हळवं होतं, आठवड्याभरात कापणीला येणार होतं. पण डुकरांनी आत्तापर्यंत अर्ध्याहून जास्त शेत तुडवलं होतं. बांधाच्या बाजूने सुरुवात करून ती रोज थोडी आत येत होती. उभं भात उरलं होतं ते माळ्याच्या आसपासचंच.

उर्सुला, मटिल्डाची बहीण, एक दिवस एस.टी.ने वालीवपर्यंत आणि तिथून चालत शेतावर आली. डोक्यावर टोपली, टोपलीत कोंबडीचं भुजिंग आणि हातभाकऱ्या. टोपली खाली ठेवायच्या आधीच तिची नजर माळ्याकडे गेली.

"भावजी, तो अजून उभाच?"

"उभाच आहे."

"त्याने माझी बहीण खाल्ली आणि तुम्ही त्याला सांभाळून ठेवलाय. तिच्या वर्षाच्या मिस्साआधी काढून टाका म्हणून मी किती वेळा सांगितलं?"

"माळा कुणाला खात नाही, उर्सुलाबाय. डुकरं खातात. ती बघ."

तिने तुडवलेल्या भाताकडे पाहिलं. मग म्हणाली, "मग मारा की त्यांना. गावात सगळ्यांना सांगत फिरता, माझ्यासारखा मागावरचा माणूस नाही म्हणून."

"गावात कुणाला नाही सांगत. तुलाच सांगतो. तू गावात सांगतेस."

ती हसली, आणि हसल्याबद्दल स्वतःवरच रागावल्यासारखी टोपलीतून भाकऱ्या काढायला लागली. "शिकार झाली की माळा काढायचा," ती म्हणाली. "शब्द द्या."

"दिला," इनास म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो रूपजीला घेऊन जाळीवर गेला. डोंगराच्या पायाशी, शेताला लागून, करवंदीची मोठी जाळी होती. मागे उभा कातळ, त्यामुळे डुकराला बाहेर पडायचं तर शेताच्या बाजूनेच. तिकडे जाळीला सहा तोंडं होती. सहा ठिकाणी डुकरांनी ये-जा करून बोगदे पाडले होते. त्यातलं सहावं तोंड सगळ्यांत जुनं आणि रुंद. रूपजीच्या बापाच्या वेळेपासून पहिला कामठा तिथेच बसायचा. म्हणून दोघं सवयीने आधी तिथेच गेले.

तोंडावर कोळ्याचं जाळं आडवं ताणलेलं होतं. लेंड्या वाळून भुसा झाल्या होत्या. गवत ताठ उभं होतं.

रूपजीने कमरेवर हात ठेवले. "गेली, शेट. जाळी रिकामी हाय. वरच्या रानात सरकली असतील."

इनासलाही तेच वाटलं. पाहिलं ते स्पष्ट होतं. रूपजी खुशीत घरी गेला, कारण त्याचा एक दिवस वाचला. आणि दुसऱ्या दिवशी उजाडता इनासने शेतात पाय ठेवला, तर बांधाकडचा आणखी एक पट्टा आडवा झालेला.

तो रागावला नाही. त्याने चहा करून घेतला, पायताण काढून ठेवलं आणि कामाला लागला. चूक कुठे झाली ते त्याला कळलं होतं. दोघांनी जाळीकडून सुरुवात केली होती, जिथून बापाच्या वेळेपासून करतात तिथूनच. माग शेताकडून काढायला हवा होता. जनावर खाऊन परत जातं तेव्हा त्याचं पोट भरलेलं असतं, ते बेफिकीर चालतं आणि खूर खोल रुतवतं. त्या पावलांना धरून मागे जायचं.

तुडवलेल्या भातातून ठसे बांधावर चढले होते. पुढे दोन खूर, मागे दोन नखांची टोकं. डुक्करच, शंका नाही. ठशात पाणी झिरपून आलेलं होतं पण अजून गढूळ होतं, म्हणजे पहाटेचेच. एक मोठा नर, दोन माद्या, मागे पिलावळ. ठसे बांधाने लांबून वळसा घेऊन पाचव्या तोंडाशी पोचले. तिथे एका ऐनाच्या बुंध्यावर इनासच्या मांडीएवढ्या उंचीवर ओला चिखल घासलेला होता आणि सालीत राठ केस अडकले होते. इनासने कमरेच्या पिशवीतून चिमूटभर राख काढून सोडली. राख त्याच्या तोंडावर आली. वारा डोंगरावरून खाली येत होता. म्हणजे त्याचा वास आत जात नव्हता. तो हातापायांवर आला आणि तोंडातून आत शिरला.

आत थोड्या अंतरावर लोळण होती, चिखलाची, ताजी. डुकरं तिथे नव्हती, पण आणखी आत कातळाकडे कुठेतरी घुरघुर ऐकू येत होती. तेवढ्यावर त्याला परत फिरता आलं असतं. पण लोळणीपासून जुनी रुंद वाट सहाव्या तोंडाकडे जात होती आणि तिच्यावरही ताजे ठसे होते. इनास त्या वाटेने सरपटला. एका जांभळाच्या बुंध्यापर्यंत ठसे होते. तिथे जमीन तुडवून तुडवून चिखल झाली होती, जणू येणारं प्रत्येक जनावर तिथे थांबलं होतं. आणि तिथून एकूण एक ठसा डावीकडे वळून पाचव्या तोंडाकडे गेला होता. जांभळाच्या पुढे सहाव्या तोंडापर्यंत कोरी जमीन.

त्याने आजूबाजूला पाहिलं. सापाचं बीळ नाही, फास नाही, वाघराचा माग नाही. तो गुडघ्यांवर उठून बघत होता आणि समोर नुसता पाला दिसत होता. मग त्याने डुकराने बघावं तसं बघायचं ठरवलं. पोटावर झोपला, हनुवटी चिखलाला लावली.

पाल्याच्या खालून, सहाव्या तोंडाच्या चौकटीत, त्याला माळ्याचे चार खांब दिसले.

त्याने चारही खांब एकेक करून मोजले.

रूपजीला त्याने दुपारी ओढूनच आणला. रूपजी जांभळाशी बसला, पण आडवा व्हायला तयार होईना.

"माझं वय हाय का डुकर व्हायचं?"

"हो एकदा. मग हवं तर माणूस हो."

रूपजी कण्हत आडवा झाला. त्याने पाहिलं. मग हळूच म्हणाला, "मटिल्डाबायला भितात."

"तिने किती वर्षं डबा वाजवला, गोफणीचे दगड घातले, मिरच्यांचा धूर केला. आयांनी पिलांना तिथून वळायला शिकवलं. आता पिलांच्या आया झाल्या, त्याही वळतायत."

"पन वरीस झालं, शेट. माळ्यावर कोन नाय. शेतात बघ, रोज जवळ येत्यात. विसरायला लागल्यात."

"म्हणून तर परवाच हाका घालायचा. पुढच्या आठवड्यात उपयोग नाही."

हाक्याची बोलणी त्या संध्याकाळी रूपजीच्या अंगणात झाली. कामठे पाच होते: रूपजी, त्याचे दोन भाऊ, त्याचा जावई आणि इनास. तोंडं सहा. आणि भावांचं म्हणणं वेगळंच होतं. जिथं माणूस गेलंय त्या माळ्याच्या सावलीत आम्ही बसणार नाही, थोरला भाऊ म्हणाला. आधी माळा पाडा, मग सहाव्या तोंडावर पहिला कामठा बसू दे, नेहमीसारखा.

"माळा पाडला तर सहावं तोंड उघडं पडेल," इनास म्हणाला. "आणि तिथं तुम्ही कुणी बसायचंच नाही. पाच कामठे पाच तोंडांना. मी पाचव्यावर."

"आन सहाव्यावर कोन?"

"कुणी नाही."

जावई हसला. "सगळ्यांत मोठं दार उघडं ठेवून चोर धरायचा?"

"दार उघडं नाही. तिथं मटिल्डा आहे."

रूपजीची बायको चुलीशी होती. ती वळली आणि इनासकडे बघत राहिली. थोरला भाऊ म्हणाला, "मेल्या बाईला राखनीला बसवतो हा."

"मी नाही बसवली. डुकरांनी बसवलीय. जाळीत जा आणि आडवा होऊन बघ, नाहीतर रूपजीला विचार."

"बघितलं मी," रूपजी म्हणाला. "शेट सांगतो ते खरं हाय. पन शेट, ऐक. सहाव्यातून एक जरी डुकर गेलं ना, तर त्याच दिवशी तू तुझ्या हातानं माळा पाडायचा. खांब मला."

"कबूल. आणि नाही गेलं तर माळ्याचं नाव काढायचं नाही."

"नाय काढनार."

हाक्याच्या सकाळी धुकं नव्हतं. वारा डोंगरावरून खाली येत होता, इनासने सांगितला होता तसाच. बायका आणि बाकीची माणसं कुत्र्यांसह कातळाच्या दोन्ही अंगांनी वर गेली. उर्सुला आदल्या दिवशीच आली होती. हाक्याला जाऊ नको म्हटलं तरी ती लुगड्याचा काष्टा आवळून गेली. इनास पाचव्या तोंडाशी, ऐनाच्या आडोशाला एक गुडघा टेकून बसला. पाल्याच्या एका फटीतून त्याला आतलं जांभूळ दिसत होतं. ती फट त्याने आदल्या दिवशी मुद्दाम पाडून ठेवली होती.

वर आरोळ्या उठल्या. कुत्री भुंकली. त्यात उर्सुलाचा आवाज त्याला वेगळा ऐकू आला, "हुर्र, मेल्यांनो, हुर्र!" जाळीत काटक्या मोडायला लागल्या. आधी पिलं आली, दुसऱ्या आणि तिसऱ्या तोंडातून, कामठ्यांच्या मधून. त्यांना कुणी हात लावला नाही. मग इनासला जांभळाशी काळं अंग दिसलं. नर होता, खांद्यापाशी रुंद, सुळे पिवळे. तो सरळ जुन्या वाटेने आला होता, सहाव्या तोंडाकडे तोंड करून. जांभळापाशी तो थांबला. मागे कुत्री जवळ येत होती. नराने एक पाऊल पुढे टाकलं, कोऱ्या जमिनीवर.

इनासने दोरी ओढली नाही. तिरकं अंग होतं, बाण हाडावर गेला असता. तो थांबला. त्याने माळ्याकडे पाहिलंही नाही.

नराने नाक वर केलं. श्वासाचा मोठा फुस्कारा सोडला. मग तो गर्रकन डावीकडे वळला आणि पाचव्या तोंडाकडे सुटला. तोंडाशी त्याची कूस पूर्ण उघडी पडली तेव्हा इनासने बाण सोडला. खांद्याच्या मागे, बरोबर. नर तसाच पुढे गेला. चौथ्या तोंडावरून रूपजीचा बाण त्याच्या मानेत शिरला आणि तो बांधापाशी गुडघ्यांवर येऊन कोसळला. माद्यांपैकी एक जावयाने घेतली. दुसरी डोंगराच्या कडेने निसटली, पण ती निसटली ती पहिल्या तोंडातून.

रूपजी सगळ्यांत आधी सहाव्या तोंडाशी गेला. नराच्या त्या एका पावलाचा ठसा जांभळापुढे होता. त्यापलीकडे काही नव्हतं. कोळ्याचं जाळं अजून ताणलेलं होतं. त्याने थोरल्या भावाला हाक मारली, दाखवलं, आणि भाऊ डोक्याला बांधलेला फडका सोडून पुन्हा बांधायला लागला.

वाटे रूपजीच घालायचा, तशी रीत होती. डोकं पहिल्या बाणाचं. हाकेकऱ्यांचे वाटे वेगळे, कुत्र्यांचा वेगळा, आणि तोंड राखणाऱ्या प्रत्येकाला सारखा वाटा, बाण लागो न लागो. रूपजीने पळसाच्या पानांवर मांस मांडलं. तोंड राखणाऱ्यांचे वाटे मोजून जावई म्हणाला, "मामा, चुकलं. एक जास्त झाला. कामठे पाच."

"तोंडं किती?"

"सहा."

"मग?"

रूपजीने सहावं पान उचललं आणि उर्सुलाच्या हातात दिलं. "बायचा वाटा. तू तिची बहीन."

उर्सुलाने पान घेतलं. ती पान तसंच दोन्ही हातांवर धरून खोपटात गेली. संध्याकाळी तिने ते मांस कोकम घालून शिजवलं. रूपजीच्या घरी एक वाडगा पाठवला, आणि माळ्याखाली जमिनीवर बसून दोघांनी खाल्लं.

"मीठ कमी आहे," इनास म्हणाला.

"मटिल्डाच्या वाट्याला नावं ठेवू नका."

त्यानंतर शेतात डुकरं आली नाहीत. भात पिकलं. उरलं होतं ते थोडं, पण दाणा भरलेला होता. आगेराच्या आदल्या दिवशी इनासने माळ्याखालच्या कोपऱ्यातली पहिली पेंडी कापली, सायकलच्या दांडीला बांधून निर्मळला आणली, आणि रविवारी सकाळी ती उर्सुलाच्या डोक्यावर दिली. देवळाच्या दारात कुणीतरी विचारलं, कुठल्या शेतातलं एवढं टपोरं भात? "माझ्या बहिणीच्या," उर्सुला म्हणाली. फादरांनी पेंडीवर तीर्थ शिंपडलं. त्याच मिस्सामध्ये मटिल्डाचं वर्षाचं नाव घेतलं गेलं.

बाहेर पडताना उर्सुला त्याच्या शेजारून चालत होती.

"भावजी, शब्द दिला होता."

"दिला होता. कापणी झाली की काढतो."

तिने पदर सावरला आणि चालत राहिली.

कापणी झाली. झोडणी झाली, पेंढा बैलगाडीतून घरी आला. रूपजीने ठरल्याप्रमाणे माळ्याचं नाव काढलं नाही. उर्सुलानेही पुन्हा विचारलं नाही. इनास डिसेंबरात एकदा कोयता घेऊन शेतावर गेला, खांबांच्या वेलदोऱ्या तपासल्या, दोन सैल झाल्या होत्या त्या घट्ट केल्या आणि परत आला.

माळा काढायचा राहिला आहे.